चौथ्या चौकोनातून पाचव्याला खो

गेल्या शनिवारी उल्हासनगरच्या मैदानावर आमच्या मुलींची खो-खोची मॅच होती. मॅच संपून आठवडा होत आला, पण माझं डोकं अजून जागेवर आलेलं नाही... म्हणून लिहितोय.

मी अंबरनाथ एमआयडीसीत लेथवर काम करतो. पहिली पाळी सुटली की बदलापूरच्या एका शाळेत मुलींना खो-खो शिकवतो. कुठलाही कोर्स केलेला नाही, नियमांचं पुस्तक वाचून आणि मॅचेस बघून शिकलो. खांबाची उंची मी डोळ्यांनी सांगतो, मग टेप लावा... बरोबर निघते.

यंदा मात्र कठीण होतं. जुन्या टीममधल्या आठ जणी दहावी होऊन गेल्या. उरली एकटी हर्षदा, तिला कॅप्टन केलं आणि बाकी आठवी-नववीच्या नवख्या मुली घेऊन सुरुवात केली. त्यात मोठ्या बाईंनी सांगून ठेवलेलं, "यंदाही पहिल्या फेरीत बाहेर पडलात तर मैदानाचा अर्धा तास मी स्कॉलरशिपच्या क्लासला देणार." म्हणजे खो-खो बंदच!

गटातल्या तीनपैकी दोन मॅच जिंकणारा पुढे जाणार होता. पहिली कशीबशी जिंकलो, दुसरी हरलो. हरलो ते एकाच फाउलमुळे.

चौथ्या चौकोनात रुचिता बसते, पाचव्यात मंजुळा. रुचिता उठून धावायची, पळणारी मुलगी मंजुळाच्या पुढ्यात यायची, आता फक्त खो द्यायचा... रुचिता मंजुळाच्या पाठीला हात लावायची आणि पंचांची शिट्टी! कारण, खो ऐकू आला नाही. नुसता हात लावून चालत नाही, तोंडाने खो म्हणावं लागतं.

मी मोबाइलवर शूटिंग केलं. स्लो मोशनमध्ये चाळीस वेळा पाहिलं. पाऊल बरोबर, हात बरोबर, अंतर टेपने मोजलं तर तेही बरोबर!

मग वाटलं, हिचा घसाच बसला असेल. खडीसाखर आणली, ज्येष्ठमध आणला, रोज दहा वेळा मोठ्याने खो म्हणायला लावलं. म्हणताना तिचा आवाज पार स्टेशनपर्यंत जायचा. तिसऱ्या चौकोनातल्या मुलीलाही ती खणखणीत खो द्यायची. फक्त पाचव्याला नाही.

शेवटी दोघींच्या जागा बदलल्या. तर आता मंजुळाचा आवाज बंद! आमच्या भाषेत सांगायचं तर मशीन बदललं, तरी जॉब, म्हणजे घडवलेला भाग, रिजेक्टच. पंचवीस वर्षांत असा दोष मी पाहिला नव्हता. पुन्हा होत्या त्या जागी बसवलं.

शनिवारी तिसऱ्या मॅचला पहिल्याच डावात पुन्हा तेच. शिट्टी. मध्यंतरात मी माझी दोष, कारण, उपाय लिहायची वही उघडली, तर हर्षदा म्हणाली, "सर, दोन मिनिटं तुम्ही तिकडे उभे राहा ना."

"का?"

"प्लीज, सर. टीम मीटिंग आहे."

मला माझ्याच टीमच्या मीटिंगमधून बाहेर काढलं! मी पाण्याच्या कॅनजवळ जाऊन उभा राहिलो. लांबून एवढंच दिसलं, की सगळ्या गोल उभ्या आहेत, हर्षदा बोट नाचवत बोलतेय आणि त्या दोघी दोन दिशांना बघतायत.

शेवटचा डाव आमच्या पाठलागाचा. बघता बघता गुण बरोबरीत आले, शेवटचं मिनिट आलं. रुचिता उठली, धावली, पळणारी पाचव्या चौकोनाजवळ वळली. मी डोळे मिटले.

"खो!!!"

मैदानाच्या कडेचा दाल-पकवानवाला हातातली प्लेट तशीच धरून बघायला लागला, इतका मोठा आवाज! मंजुळाने सूर मारला, गुडघा सोलवटला, पण पळणारी बाद. एका गुणाने जिंकलो.

मी हर्षदाला बाजूला घेतलं. "काय जादू केलीस?"

"सर, त्या दोघींची कट्टी आहे. जूनपासून."

"आणि हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. कँटीनच्या मावशींनासुद्धा."

"मग आज बोलल्या कशा?"

"बोलल्या कुठे? आम्ही ठराव पास केला. मैदानात खो म्हणणं हे बोलण्यात धरायचं नाही. कट्टी चालूच आहे."

"अगं, मग मला आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंच नाही, सर. तुम्ही टेप लावत होतात."



परत येताना टेम्पोत दोघी दोन टोकांना. रुचिता म्हणाली, "हर्षदा, तिला सांग, गुडघा धू म्हणावं." मंजुळा म्हणाली, "तिला सांग, मला कळतंय." मग रुचिताने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. ती पाच जणींच्या हातांतून मंजुळापर्यंत गेली, आणि रिकामी होऊन त्याच पाच हातांतून परत आली.

सोमवारी मोठ्या बाईंनी अर्धा तास आमच्याकडेच ठेवला. प्रॅक्टिसमध्ये चौथ्यातून पाचव्याला सात खो गेले, सातही स्वच्छ. सुटल्यावर दोघी गेटच्या दोन बाजूंनी बाहेर पडल्या.

भांडण कशावरून झालं, ते मला अजून माहीत नाही. घरी येऊन वही काढली. 'दोष'च्या रकान्यात लिहिलं, आवाज नाही. 'उपाय'मध्ये लिहिलं, मुलींनी केला. 'कारण'चा रकाना या वहीत पहिल्यांदाच कोरा सोडला...

पोरींनो, थँक्यू. आणि पुढच्या वेळी मीटिंगला मलाही बोलवा. टेप घरी ठेवून येईन.