थिजलं का?

गेल्या मे महिन्यात आईला घेरी आली आणि दादाने फर्मान काढलं: पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा असं झालं, तर घोडपदेवची खोली बंद, आईचा मुक्काम त्याच्या ठाण्याच्या फ्लॅटवर, एसीत. खोली चाळीच्या वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट पत्रा. आईला मात्र तिथून हलायचं नव्हतं. "गारठ्यात मासळी ठेवतात, माणसं नाय," ती म्हणाली.

मी लोकांची घरं सजवून देते, म्हणून आईला वाचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पोटमाळ्यावर, पत्र्याखाली मी जाळी मारून घेतली आणि तिच्यावर मेणासारख्या पदार्थाची पाकिटं पसरली. दिवसा हे मेण पत्र्याची उष्णता पिऊन वितळतं, ती खाली उतरू देत नाही. रात्री गार वाऱ्यात ती सोडून देतं आणि पुन्हा थिजतं. मी समजावत होते तोवर आई म्हणाली, "म्हणजे थंडीतलं खोबरेल." अगदी तेच.

पण मे महिन्यात मुंबईत गार वारा आणायचा कुठून? पाकिटं थंड रात्रींच्या कुठल्यातरी गावासाठी बनवलेली. रोज सकाळी मी फोनवर विचारायचे, "थिजलं का?" आणि आई म्हणायची, "नाय गो, पातळच." रविवारी दुपारी दादा स्वतः बसून बघणार होता.

रविवारी मी आधीच पोचले. खोली चक्क बसण्यासारखी होती. पोटमाळ्यावर चढून बघते तर पाकिटं घट्ट! आणि त्यांना बोंबलांचा वास. एकाला कोथिंबिरीचं पान चिकटलेलं.

"काल रात्रीपासून ती मजल्यावरच्या सगळ्यांच्या फ्रीजात झोपायला जातात," आई कुजबुजली. "तू गप रव."

घ्या! एसी नको, विजेशिवाय गारवा हवा म्हणून आणलेलं मेण अख्ख्या मजल्याची वीज खात होतं. माझ्या धंद्याचं नाक कापलं गेलं होतं, तरी मला इतकं हसू येत होतं की मी चहा टाकायला आत पळाले.

दादा रिकामी बॅग घेऊनच आला. बसला, आडवा झाला, घोरलासुद्धा. उठून म्हणाला, "मानलं तुला. माझ्याकडेही बसव हे."

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात. "पाकिटं द्या हो, सुरमई काढून जागा केलीय."

दादा काकूंकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "म्हणजे हे सगळं फ्रीजचं?"

"हो," आई म्हणाली. "म्हणून तुझ्याकडे चालायचं नाय. तुझ्या मजल्यावर कोणाचा फ्रीज उघडता येतो तुला?"

दादाने समोरच्या फ्लॅटवाल्यांचं नाव आठवून पाहिलं. ते काही आठवलं नाही. मग त्याने बॅग बाजूला ठेवली आणि पाकिटं उतरवायला पोटमाळ्यावर चढला.