उशिरा येणारं आमेन

शेजारची मावशी दरवर्षी नवऱ्याच्या स्मृतिदिनाच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, चर्चमध्ये जायची. फादर दिवंगतांची नावं वाचतात, त्यात त्याचं नाव ऐकायचं, एवढ्यासाठी. यंदा गुडघ्यांमुळे चर्चच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. "नाव आयकल्याशिवाय तेचो दिस झालो असा माका वाटत नाय," ती म्हणाली.

मी त्यांच्या धर्मातला नाही, पण फोन माझ्याकडे चांगला आहे. चर्चच्या दारावर 'मोबाईल बंद ठेवा' अशी पाटी होती. देवाला रेंज लागत नाही, असं फादर प्रवचनात सांगत, हे मावशीकडून ऐकलेलं. मला ते पटायचं. फक्त मावशीला लागते.

शेवटच्या बाकावरून मी तिला व्हिडिओ कॉल लावला आणि तिचा आवाज बंद करायला विसरलो. सगळ्यांचं आमेन झालं, आणि क्षणभराने माझ्या हातातून आणखी एक आमेन आलं. माना वळल्या. मी बटण शोधू लागलो, तोवर फादरांनी तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं. "हां, ह्योच," फोन म्हणाला.

पुढच्या प्रार्थनेनंतर लोकांचं आमेन झालं, तरी फादर थांबले. शेवटच्या बाकावरचं उशिराचं आमेन आल्यावरच त्यांनी पान उलटलं.

पुढच्या रविवारी पाटी तिथेच होती. खाली फादरांच्या अक्षरात भर पडली होती: 'शेवटचा बाक सोडून'.