डॉक्टरांनी मोजलेला व्हाळ

मासा पाण्याबाहेर काढला की त्याचा रंग किती लवकर उतरतो, हे त्या नोकरीआधी मला माहीत नव्हतं. मी खानापूरकडचा चितारी. गणपती करायचे, लग्नातले पाट रंगवायचे, यात्रेआधी पालखीला नवा रंग द्यायचा, हा आमचा घरचा धंदा. आयुष्यात मासा रंगवला होता तो एकदाच, देवळाच्या भिंतीवर, मत्स्यावताराचा, आणि त्याला भरघोस मिशा काढल्या होत्या. तो बघूनच डॉक्टरांनी मला माशांची चित्रं काढायला बोलावलं. पुढे ओळख वाढल्यावर एकदा म्हणाले, "मिशा चुकल्या होत्या. पण खवले तुम्ही एकेक करून काढले होते. एवढा धीर असलेला माणूस मला हवा होता."

पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. डॉक्टर रत्नागिरीकडचे. डॉक्टरकी शिकले होते, पण दवाखाना कधी घातला नाही. नदीनाल्यांतले मासे तपासायच्या कामावर सरकारनं त्यांना घेतलं होतं. माणूस काटकुळा, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला, डोक्यावर एक जुनाट विलायती टोपी. बोलणं हळू. घाई म्हणून नाही.

आम्हाला जायचं होतं सुप्याच्या पलीकडे, जोयडं ओलांडून अणशीच्या वाटेवरच्या एका गावी. गाव म्हणजे डोंगराच्या कुशीत भाताची खाचरं आणि चार वाड्या. गावाच्या अंगानं एक व्हाळ वाहतो आणि खाली काळी नदीला मिळतो. व्हाळ म्हणजे तिकडच्या बोलीत ओढा. या व्हाळात पूर्वी खडस मासा मांडीएवढा सापडायचा, आता दिसेनासा झाला, अशी तक्रार होती. गावचे लोक झाडाची साल कुटून पाण्यात कालवतात, त्या विषानं मासे गेले, असं जंगल खात्याच्या कचेरीत ठरूनही गेलं होतं. डॉक्टरांनी फक्त व्हाळ तपासून तसं सांगायचं होतं. खरं म्हणजे निघताना त्यांनाही तसंच वाटत होतं. लोंढा स्टेशनवरून बैलगाडीत बसल्यावर ते मला म्हणाले, "विषाचंच काम असणार. पण पाणी बघितल्याशिवाय बोलायचं नाही."

आम्ही पोचलो तेव्हा नवरात्र नुकतं उठलं होतं. देवळाच्या बाहेरच्या पडवीत आमचं बिऱ्हाड लागलं. गावकार, म्हणजे गावचा मुख्य, भेटायला आला. रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा, कमरेला कोयती. तो बसला, पण पान घेतलं नाही. जंगल खात्यानं डोंगरावरची त्यांची कुमरी, म्हणजे झाडी जाळून त्या राखेत करायची शेती, बंद केली होती, त्यामुळे सरकारी माणूस म्हटला की गाव गप्प व्हायचं. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "पाण्यात साल घालता का तुम्ही?"

"घालतो," गावकार म्हणाला. "न्हाई कशाला म्हणू? उन्हाळ्यात एका कोंडीत, साचल्या पाण्यात घालतो, देवाला विचारून. वरच्या पाण्याला हात लावत न्हाई."

"मग मासे कुठे गेले?"

"व्हाळाचा राखणदार देव रुसलाय. दुसरं काय असणार?"

डॉक्टर हसले नाहीत. "असेल," म्हणाले. "मी व्हाळ बघतो. तुम्हाला वाटलं तर बरोबर या."

तो आला नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं आणि सुप्याहून आणलेले दोन पागवाले, म्हणजे फेकजाळं टाकणारे, अशी मोजणी सुरू केली. जिथे व्हाळ नदीला मिळतो तिथून वर, उगमाकडे जायचं. डॉक्टर बांबू घालून खोली मोजायचे, वाळलेलं पान सोडून धार किती जोरात आहे ते बघायचे, तळाचा गोटा उचलून खाली काय चिकटलंय ते निरखायचे. पाग टाकला की आलेले मासे पाण्यानं भरलेल्या घंगाळात ठेवायचे, जात बघायची, मोजायचे आणि परत सोडून द्यायचे. मला एखादाच मासा मिळायचा, ओल्या केळीच्या पानावर. "आधी रंग," ते म्हणायचे. "आकार नंतरही काढता येईल, रंग थांबणार नाही."

मी कामाला लागलो तो पोटासाठी, पण थोड्याच दिवसांत मला त्या पाण्याचं वेड लागलं. मळ्या नावाचा बोटाएवढा मासा धबधब्याखालच्या गुळगुळीत खडकाला पोटानं चिकटून राहायचा. अंगावरून एवढं पाणी कोसळतंय आणि हा आपल्या जागी. त्याच्या पाठीवरचा रंग ओल्या दगडाचा, पण पोटाकडे वळताना पिवळसर सोनेरी व्हायचा. तो रंग मला चार वेळा कालवूनही साधला नाही. डॉक्टरही शेजारी वाकून बघत राहायचे. इतके मासे बघितलेला माणूस, पण प्रत्येक वेळी पहिल्यांदा बघितल्यासारखा.

व्हाळाच्या मधल्या टप्प्यात मात्र काहीच सापडेना. गोट्यांच्या सांदीत चिखल आणि कुजलेल्या सालींचा लगदा भरलेला. कितीतरी अंतरापर्यंत बारीक खडी अशी उरलीच नव्हती. डॉक्टर एका खडकावर बसले आणि व्हाळाच्या वरच्या अंगाकडे बघू लागले. "विष घालून मासा मरतो," ते म्हणाले, "खडी वाहून जात नाही."

कारण दुसऱ्याच दिवशी समोर आलं, आणि ते आमच्या अंगावरच यायचं ते थोडक्यात चुकलं. आम्ही पाण्यात उभे होतो. काठावर गावातल्या काही बायका पालेभाजी खुडत होत्या, त्यांत गावकाराची बायको होती. ती एकाएकी ओरडली, "वर या, पाणी सोडलं." मला काही कळायच्या आत पागवाल्यानं माझा दंड धरून ओढलं. आम्ही काठ चढतोय तोवर वरून घोंघाट आला आणि लालभडक पाण्याची भिंतच्या भिंत खाली आली, ओंडके एकमेकांवर आपटत. लाकूडतोडीच्या कंत्राटदाराची माणसं वर व्हाळ अडवायची, पाणी तुंबवायची आणि तोडलेले ओंडके त्यात टाकून बांध फोडायची. ओंडके आपोआप नदीला लागायचे, जाताना खडी घेऊन जायचे आणि आपल्या साली मागे टाकायचे. गावाला हे माहीत होतं, दर वर्षी पाऊस सरला की चालायचं. पण त्याचा माशांशी संबंध कुणी जोडला नव्हता, कारण मोठे मासे त्या पाण्याच्या लोंढ्यात मेलेले कधी दिसत नसत.

पाणी ओसरलं तसे डॉक्टर खाली उतरले. काठाच्या खडकांवर, खळग्याखळग्यांत पाणी साचलं होतं आणि त्यात काहीतरी वळवळत होतं. मला आधी किडे वाटले. ती पिल्लं होती, खडसाची आणि इतर माशांची, त्या पावसात जन्मलेली, तांदळापेक्षा थोडी मोठी. खडीच्या आडोशाला वाढत होती ती लोंढ्यानं उचलून वर फेकली होती. खळगे झिरपत चालले होते, ऊन चढत होतं.

डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढली, खळग्यात बुडवली आणि ओंजळभर पिल्लं व्हाळात नेऊन सोडली. परत आले, परत बुडवली. मीही पेरणीच्या टोपलीसारखा पंचा धरून लागलो. बायका काठावर उभ्या राहून हसत होत्या. एवढा शिकलेला माणूस टोपीनं पाणी उपसतोय, हसू येणारच. हसता हसता गावकाराची बायको खाली आली. तिनं खळग्यात वाकून बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

"ही बारकी खडसाचीच व्हय?"

"हो अक्का. बघा, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका आहे."

तिनं बुट्टीतली भाजी एका खडकावर ओतली, बुट्टीच्या तळाला केळीचं पान घातलं आणि ती भरू लागली. मग बाकीच्याही उतरल्या. दुपार कलेपर्यंत आम्ही सगळे त्या खडकांवर ओणवे होतो. किती वाचली असतील सांगता येत नाही. निम्म्याहून जास्त गेली असणार. पण माझ्या आयुष्यात मी जी चांगली कामं बघितली त्यांत ते एक, असं मला आजही वाटतं.

संध्याकाळी गावकार पडवीत आला आणि त्यानं आपणहून पान मागितलं.

त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टर हिवतापानं पडले. त्या भागात तो ताप कुणालाच सोडत नसे, आणि दिवसभर पाण्यात उभं राहणाऱ्याला तर नाहीच. तापावरचं कोयनेल होतं, पण ते पोटात ठरेना. मी गाडी जोडून लोंढा स्टेशनला न्यायचं म्हटलं, तर ऐकेनात. जंगल खात्याच्या गोऱ्या साहेबाचा मुक्काम लवकरच गावाजवळ पडणार होता आणि व्हाळाचा वरचा भाग बघायचा राहिला होता. "वर, बांधाच्याही पलीकडे, जिथे ओंडके जात नाहीत, तिथे मासे आहेत की नाहीत हे कळल्याशिवाय माझं बोलणं अर्धं आहे," ते घोंगडीतून म्हणाले. "तुम्ही जा."

"मी चितारी माणूस."

"तुम्हाला आता माझ्याइतकंच दिसतं. जा."

गावकाराच्या बायकोनं त्यांची देखभाल अंगावर घेतली. नाचण्याची पेज, कसलासा कडू काढा, कपाळावर ओलं फडकं. "चितारी, तुमी जावा," ती मला म्हणाली, "हिकडं मी हाय." आणि मी निघालो तर गावकार वाटेत उभा. त्याच्याबरोबर गावचे आणखी तिघं.

वरचं पाणी म्हणजे मी बघितलेली सगळ्यात सुंदर जागा. दाट झाडीखाली थंड, काचेसारखं पाणी, तळाला वाटाण्याएवढी स्वच्छ खडी. गावकारानं हातानं थांबवलं आणि डोहाकडे बोट केलं. सावलीत चार-पाच मोठे खडस एका ओळीत, तोंड धारेकडे, जवळजवळ न हलता उभे होते. अंगावर तांब्याची झाक, कल्ले मंद उघडमीट करणारे. काठाच्या उथळ पाण्यात पिल्लंच पिल्लं. आम्ही पाग टाकलाच नाही. गावकार खडीत हात घालून ती बोटांतून गाळत बसला. मग म्हणाला, "राखणदार हितं हाय. खाली त्येला बसायला जागाच न्हाई ठेवली."

साहेबाचा मुक्काम पडला तेव्हा डॉक्टरांचा ताप उतरला होता, पण पायांत बळ नव्हतं. गावकारानं त्यांना आधार देऊन आंब्याखालच्या तंबूपर्यंत आणलं. साहेब खुर्चीवर, कंत्राटदार शेजारी, गाव समोर जमिनीवर. डॉक्टर इंग्रजीत बोलले, पण दर दोन वाक्यांनी थांबून तेच मराठीत सांगायचे. साहेबानं भुवई वर केली तसे म्हणाले, "यांच्या व्हाळाबद्दल बोलतोय. यांना कळलं पाहिजे."

त्यांनी काही लपवलं नाही. विषानं मासे मरतात, त्या कोंडीत लहानमोठं सगळंच मरतं, हे त्यांनी गावासमोर सांगितलं. गावकारानं मान खाली घातली नाही, नुसती डोलावली. मग त्यांनी खडीचं सांगितलं, पिल्लांचं सांगितलं, वरच्या डोहाचं सांगितलं, पिल्लं वाढेपर्यंत बांध घालू नये म्हणाले, आणि माझी चित्रं पुढे ठेवली. साहेबानं ती एकेक करून बघितली.

कंत्राटदार म्हणाला, "पिल्लं मोठी होईपर्यंत थांबलो तर व्हाळात पाणी राहत नाही. मग ओंडके न्यायचे कसे?"

प्रश्न खरा होता. डॉक्टरांकडे त्याचं उत्तर नव्हतं आणि त्यांनी तसं कबूलही केलं. तेव्हा मागून गावकार बोलला, "आमी रेड्यांनी वढून देतो. खिंडीतनं नदीपतोर वाट हाय. मजुरी द्या न्हेमीची. आन साल आमी ह्या व्हाळात घालत न्हाई."

साहेबानं ते भाषांतर करून घेतलं, कंत्राटदाराकडे बघितलं आणि म्हणाला, करून बघू. त्या हंगामापुरता बांध बंद झाला. डॉक्टर तंबूबाहेर आले आणि तिथेच आंब्याच्या मुळावर बसले. चेहरा पांढराफटक, पण डोळे आनंदी. गावकार त्यांच्याजवळ उकिडवा बसला. त्यानं पान काढून त्यांच्यापुढे धरलं.

पुढे डॉक्टरांची मद्रासकडे बदली झाली आणि मी पुन्हा गणपतींकडे वळलो. काही वर्षांनी सुप्याच्या बाजूला पालखी रंगवायला गेलो तेव्हा मुद्दाम त्या गावी जाऊन आलो. तो साहेब बदलून गेला होता आणि नवा कंत्राटदार एखाद्या वर्षी बांध घालायचाच, पण पहिल्यासारखा दर वर्षी नाही. गावानं मात्र साल घातली नव्हती. मधल्या टप्प्यात थोडी खडी जमली होती. मोठा खडस मला दिसला नाही, वीतभर लांबीचे दिसले.

निघताना गावकाराच्या बायकोनं वाळवलेल्या भिरंडांची, म्हणजे कोकमांची, एक पुडी बांधून दिली. "डाक्टर भेटले तर द्या. आंगात जरा मांस धरलंय काय त्येंनी?"

मला माहीत नव्हतं. तरी मी म्हटलं, "धरलं असेल, अक्का." ती पुडी मी बरेच दिवस ठेवली. डॉक्टर काही पुन्हा भेटले नाहीत. शेवटी घरात बांगड्याच्या आमटीत ती भिरंडं पडली, आणि जेवताना मी मुलांना डॉक्टर कोण होते ते सांगितलं.