हिरव्या नदीवर पांढरी सासू

शिकागोत मार्चमधल्या एका शनिवारी नदी हिरवी रंगवतात. आयरिश लोकांचा सण. त्या दिवशी सगळं शहर आयरिश होतं, आमच्यासारखे नागपूर-पुण्याचेसुद्धा. नियम एकच: अंगावर काहीतरी हिरवं हवं. नसेल तर कोणीही चिमटा काढावा, तक्रार करायची नाही.

त्या वर्षी सासूबाई नागपूरहून आमच्याकडे, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आल्या होत्या. सासरे जाऊन आठ महिने झाले होते. शेजारीण आयरिश वंशाची, सत्तरीची, दोन नवरे पोचवलेली. ती सकाळीच नखशिखांत हिरवी होऊन आली, घरी भाजलेला ब्रेड दिला आणि सासूबाईंच्या गळ्यात हिरव्या मण्यांची माळ घालून गेली. प्लास्टिकची, मणी बोरांएवढे.

सासूबाई आरशासमोर उभ्या राहिल्या. "दोन नवरे गेले म्हणते, पण बाई कशी पोपटासारखी हिरवीगार!" मग हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षं हिरव्या बांगड्या होत्या गं हातात. आजच्या दिवस राहू दे ना ही?"

मला विचारत होत्या. आणि मी कोण? कीबोर्डवर वाजतात म्हणून हिरव्या बांगड्या काढून ड्रॉवरमध्ये टाकलेली, मंगळसूत्र फक्त मंडळाच्या गणपतीला बाहेर काढणारी. त्या सकाळी माझ्या छातीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'मी आयरिश आहे, माझा मुका घ्या'. सेलमध्ये मिळाला होता. तो टी-शर्ट घालून मी सासूला संस्कार शिकवले.

"काढा ती, आई. मराठी मंडळातले सगळे येणार आहेत नदीवर. तुम्हाला शोभत नाही."

"काहून? इथे मला कोण ओळखतं?"

"मला ओळखतात."

नवरा दारातच गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. आमचं बोलणं संपेपर्यंत खरवडत राहिला. काच केव्हाच साफ झाली होती.

सासूबाईंनी माळ काढून कोटाच्या खिशात टाकली.

नदीवर तोबा गर्दी. बोटीतून पूड टाकतात ती नारिंगी असते, शेंदरासारखी, आणि पाणी मात्र हिरवं होत जातं. त्या सगळ्या हिरव्या माणसांत सासूबाई पांढऱ्या साडीवर करडा कोट घालून उभ्या. आमची सात वर्षांची लेक शाळेतून नियम शिकून आलेली. "आजी, यू हॅव नो ग्रीन!" म्हणाली आणि त्यांच्या मनगटाला चिमटा काढला, चांगला पीळ देऊन. मंडळातल्या काकू हसल्या. मीही हसले. फोटो आहे. त्यात माझे सगळे दात दिसतात.

सासूबाई मनगट चोळत पाण्याकडे बघत होत्या. "एवढ्या मोठ्या नदीला चालतं," म्हणाल्या.

मला तो विनोद वाटला. दोन दिवस मैत्रिणींना फोनवर सांगत होते.

ऑगस्टपर्यंत राहायच्या होत्या, त्या एप्रिलमध्येच तिकीट बदलून निघाल्या. विमानतळावर नातीच्या मुठीत काहीतरी कोंबलं. पुन्हा आल्या नाहीत. दोन वर्षांनी गेल्या तेव्हा मी म्हणाले, रजा मिळत नाही. मिळत होती.

आता मीही नवरा पोचवला. काच मीच खरवडते. यंदा लेक आणि नात मला नदीवर घेऊन जायला आल्या. लेकीच्या गळ्यात तीच माळ, मण्यांचा रंग उडालेला. दर वर्षी घालते. मी मुद्दामच अंगावर हिरवं काही घातलं नव्हतं, माळ मागायला निमित्त हवं म्हणून.

लाडात येऊन म्हटलं, "दे की गं आजच्या दिवस मला."

लेकीचं मराठी जेमतेम. पोळीला रोटी म्हणते, काका-मामा सगळे तिला अंकल. पण एक वाक्य पक्कं येतं. माळेवर हात ठेवून म्हणाली, "तुला शोभत नाही, आई."

कुठेही अडखळली नाही. उच्चार अगदी माझा. मग आपल्या मुलीकडे वळून म्हणाली, "लुक, आजी हॅज नो ग्रीन."

नातीची नखं वाढलेली होती.