साडेतीन फूट

मोहनरावांच्या घरामागं स्विमिंग पूल होणार, ही बातमी युसूफ वडगाव या गावात पसरली तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांना आधी वाटलं, नाल्यावर बांधतात तसलाच पूल. "घरामागं ना नदी ना नाला, अन् पूल कशापाई?" सटवानं विचारलं, आणि सगळे हसले. मग कुणीतरी समजावून सांगितलं की हा पोहायचा हौद असतो, निळ्या फरशीचा, पिक्चरमध्ये असतो तसा. हसणं तिथंच थांबलं. "पोहायचा? मोहनरावाच्या घरी?" एवढं म्हणून सटवानं तंबाखू मळायला घेतली. पुढं काही बोलायची गरज नव्हती, कारण त्या घराचं आणि पाण्याचं काय वाकडं होतं ते गावाला माहीत होतं.

मोहनराव सत्तरीचे. बागायत जमीन, दोन वेळा सरपंचकी, बाजारच्या दिवशी चौकात उभे राहिले की माणसं वाट सोडून बाजूला होत. पण भांडकुदळ नव्हते, उलट मऊ माणूस. त्यांना तीन लेकरं झाली. थोरली प्रियदर्शनी, मधला विजयसिंह, धाकटा राम. दोन्ही पोरांना पोहायला शिकवलं ते धुळाजीनं. धुळाजी मेंढरंवाला, सुगी झाली की त्याची मेंढरं मोहनरावांच्या रानात बसायची. पोरांच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि त्यांना विहिरीत ढकलून द्यायचं, ही त्याची शाळा. राम तर चार दिवसांत भोपळा सोडून मोकळा झाला. पुढं तो विहिरीच्या काठावरून असा सूर मारायचा की पाण्यावर नुसती एक रेघ उमटायची.

प्रियदर्शनी भावांचे कपडे सांभाळत पायरीवर बसायची. एकदा तिनं विचारलं होतं, "आबा, मी बी शिकू?" मोहनराव म्हणाले होते, "पोरीच्या जातीला कशाला? लोक काय म्हनतील?" रागानं नव्हे, सहज म्हणाले होते. ताटात भाकरी मागावी तसं.

ती तेरा वर्षांची असताना मार्गशीर्षात कापूस वेचणाऱ्या बायकांसाठी पाण्याची कळशी भरायला विहिरीत उतरली. शेवाळलेल्या पायरीवरून पाय गेला. दोन परस पाणी होतं, म्हणजे दोन माणसं एकावर एक हात वर करून उभी केली तर बुडतील एवढं. बायका ओरडत धावल्या, पण पोहता येणारी त्यांच्यात एकही नव्हती. बांधावरून धुळाजी पळत आला, कपड्यांनिशी उडी घातली आणि तिला वर घेऊन आला. तेव्हा तिच्या कपाळावर ओले केस चिकटले होते आणि मुठीत कळशीच्या गळ्याची दोरी होती. मोहनराव रानाच्या पलीकडच्या टोकाला होते. ते आले तेव्हा त्यांची बायको बायनाबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन तिचे केस बोटांनी विंचरत होत्या.

विहिरीवर लोखंडी जाळी बसली. घरात कुणी पोहण्याचं नाव काढेनासं झालं. राम मात्र चोरून दुसऱ्यांच्या विहिरींवर जायचा, धुळाजीच्या सोमनाथबरोबर. मोहनरावांना त्याच्या अंगाला पाण्याचा वास आला की ते चाबूक काढत. मारून झालं की स्वतःच रात्रभर त्याच्या उशाशी बसत.

वर्षं गेली. राम पुण्याला कंपनीत लागला, संगीताशी लग्न झालं, तिकडंच स्थिरावला. विजयसिंह गावात राहिला. त्यानं खताचं दुकान टाकलं आणि जुनं घर पाडून मोठा बंगला बांधला. त्याची मुलगी संस्कृती, नऊ वर्षांची. ती दिवाळीत पुण्याला काकाकडं गेली होती, तिथं सोसायटीतला तलाव पाहून आली आणि घरी आल्यावर तिनं हट्टच धरला. विजयसिंहाला पोरीचा शब्द मोडवेना. त्यालाही बंगल्यामागं असं काही हवंच होतं, पाहुण्यारावळ्यांना दाखवायला.

मोहनराव पहिल्यांदा नाहीच म्हणाले. दोन दिवस जेवले नाहीत. मग संस्कृती येऊन मांडीवर बसली आणि गळ्याभोवती हात टाकून म्हणाली, "आबा, प्लीज." त्यांचं अवसानच गळालं. म्हणाले, "करा. पण खोली किती ठेवायची ते मी सांगनार."

अंबाजोगाईहून आदिनाथ नावाचा तरुण इंजिनिअर नकाशा घेऊन आला. अंगणात खुर्च्या मांडल्या. तो म्हणाला, "आबा, एका टोकाला साडेतीन फूट ठेवू आणि तिथून उतार करत दुसऱ्या टोकाला साडेपाच-सहा. लहानांनाही जमतं, मोठ्यांनाही पोहता येतं. साधारण असंच करतात."

"मला बी तेच वाटतं," विजयसिंह म्हणाला.

"उतार न्हाई," मोहनराव म्हणाले. "उतारावरनं पाय घसरतो."

त्यांनी संस्कृतीला हाक मारली आणि भिंतीला पाठ लावून उभं केलं. तिच्या खांद्यापाशी आपला तळहात आडवा धरला. "हितवर. हिच्या खांद्याच्या वर पानी जायला नको." आदिनाथनं टेप लावला. साडेतीन फूट भरलं. "मग सगळीकडं साडेतीन," मोहनराव म्हणाले, "या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारखं."

आदिनाथनं विजयसिंहाकडं पाहिलं. विजयसिंहानं मान खाली घातली. बापाच्या आवाजात काय आहे ते त्याला कळत होतं.

"ठीक आहे," आदिनाथ म्हणाला. "पण मग एक ध्यानात ठेवा. साडेतीन फुटात कुणी सूर मारायचा नाही. काठावर खोलीचे आकडे घालू, आणि तसा बोर्डही लावू."

मोहनराव हसले. त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं हसू. "घरच्या हौदाला बोर्ड? ह्यो काय नगरपालिकेचा तलाव हाय का? पोहनारी लेकरं घरचीच. त्यांना काय सांगायचं?"

इंजिनिअर गेला. बायनाबाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या पुढं आल्या आणि खाली बसल्या. प्रियदर्शनी गेल्यापासून त्या फारसं बोलत नसत, पण त्या दिवशी बोलल्या.

"खोल ठिवा."

"काय?"

"एका बाजूला डोक्यावर पानी राहू द्या. पाय टेकत असल्यावर पोर कवाच शिकायची न्हाई. नुसती उभी राहील." मग म्हणाल्या, "माझी लेक पानी खोल होतं म्हनून गेली न्हाई. तिला येत नव्हतं म्हनून गेली."

मोहनराव ताडकन उठले. "बास. पुन्यांदा हा विषय काढायचा न्हाई." आणि चपला न घालताच रानाकडं निघून गेले. तो विषय मग खरंच कुणी काढला नाही.

काम दोन महिने चाललं. जेसीबीनं खड्डा काढला, मुरूम लागला, तळाला सिमेंट पडलं, वर आभाळासारखी निळी फरशी आली. मोहनराव रोज सकाळी कोरड्या हौदात उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. कडा कमरेच्या जरा वर लागे. त्यांना बरं वाटे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते अशा खड्ड्यात उभे होते जो त्यांचं काही हिरावून घेऊ शकत नव्हता. असं त्यांनी विजयसिंहाला बोलूनही दाखवलं. "ह्यात कुनी बुडू शकत न्हाई बग. बुडायचं म्हनलं तरी बुडता यायचं न्हाई."

मे महिन्यात बोअरचं पाणी सोडून हौद भरला. पूजेसाठी राम आणि संगीता पुण्याहून आले. रात्रीची बस उशिरानं सुटली होती, त्यामुळं ते पोचले तेव्हा पूजा उरकून नारळ फुटला होता आणि लेकरं पाण्यात उतरली होती. संस्कृती, तिच्या मैत्रिणी, शेजारची दोन पोरं. काठावर छत्रीखाली मोहनराव खुर्ची टाकून बसले होते. ऊन असं होतं की पाण्याकडं बघवत नव्हतं, नुसती निळी झळाळी.

राम येऊन बापाच्या पाया पडला. मोहनरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जा, हातपाय धू. दमला असशील."

"दमलो कसला आबा! इतक्या वर्षांनी तुमच्या देखत पोहायला मिळणार." राम हसत म्हणाला. सोमनाथही पूजेला आला होता, त्याच्याकडं वळून राम म्हणाला, "काय बे, येतो का?"

"तू हो म्होरं," सोमनाथ म्हणाला.

रामनं शर्ट काढून खुर्चीवर टाकला. संस्कृती पाण्यातून ओरडली, "काका, सूर! सूर मारा!" ती पलीकडच्या कोपऱ्यात होती, लेकरं सगळी त्या बाजूला. तिच्या खांद्याला पाणी लागत होतं, पण रामला दिसत होतं ते फक्त तिचं हसणारं डोकं. तो चार पावलं मागं सरकला.

मोहनरावांना तेव्हा कळलं. ते खुर्चीतून उठले, तोंड उघडलं, "राम, आरं..." एवढंच बाहेर पडलं.

राम पळत आला आणि हात पुढं करून पाण्यात शिरला. लहानपणी शिरायचा तसाच, डोकं सरळ खाली, खोलवर जायला. पाण्याचे फार शिंतोडेसुद्धा उडाले नाहीत. मग एक आवाज आला, ओल्या फरशीवर नारळ आपटावा तसा, पण बुजलेला.

लेकरं टाळ्या वाजवत होती. राम वर आला तो पालथा, हात दोन्ही बाजूंना पसरून. लेकरांना वाटलं, काका मजा करतोय.

मोहनराव धोतरासकट पाण्यात उतरले. पाणी त्यांच्या कमरेच्या जरा वर आलं. ते चालत, पाणी ढकलत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याला उलटं केलं. रामचे डोळे उघडे होते. ओठ हलत होते. "आबा," तो म्हणाला, "मला हात कुठं हायेत ते कळंना."

सोमनाथ आणि विजयसिंह धावले. तिघांनी मिळून त्याला काखेत धरून ओढलं, काठावर घेतलं, मान इकडून तिकडं लवंडली. अशा वेळी मान हलू द्यायची नसते, हे कुणाला माहीत नव्हतं. गाडीच्या मागच्या सीटवर त्याला आडवा घालून अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मानेचे एक्स-रे काढले आणि विजयसिंहाला बाजूला घेतलं. मानेचा मणका मोडलाय, आतली नस चिरडलीय, मोठ्या शहरात न्यावं लागेल, जीव वाचेल. जीवाच्या पुढचं त्यांनी काही सांगितलं नाही. मोहनराव व्हरांड्यात ओल्या धोतरानं उभे होते. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं झालं होतं आणि झाडू मारणारी बाई त्यांना बाजूला व्हा म्हणत होती. त्यांना ऐकू येत नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली. राम वाचला. मानेखालचं शरीर गेलं. उजव्या हाताचं मनगट तेवढं थोडं वर उचलता येई, बोटं मिटत नसत. पावसाळ्यात त्याला घरी आणलं. बंगल्याच्या पुढच्या खोलीत खाट टाकली, हवेची गादी आणली. संगीतानं पुण्यातली नोकरी काही महिने घरून केली, मग सोडली.

एका सकाळी ती रामला भरवायची पेज गाळत होती. मोहनराव पाणी प्यायला आत आले. तिनं वर न बघता विचारलं, "आबा, खोली कुणी ठरवली होती?"

"मी."

"आणि बोर्ड?"

"तो बी मीच नको म्हनलो."

तिनं मान हलवली, पेज वाटीत ओतली, आणि वाटी घेऊन निघून गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची, नीट बोलायची. पण आबा म्हणायची नाही.

हौदातलं पाणी तसंच राहिलं. हिरवं झालं, त्यात बेडूक आले. दसऱ्याच्या आधी विजयसिंहानं एका दिवसात ट्रॅक्टरनं मुरूम आणून तो बुजवून टाकला. काम चाललं असताना बायनाबाई संस्कृतीचा हात धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढं एकदा पोरीला विचारलंही, "माझ्या माहेरी, धर्मापुरीला येतीस का? माझा भाऊ शिकवील तुला पोहायला." संस्कृती किंचाळून रडायला लागली. नंतर ती अंघोळीची बादली काठोकाठ भरली तरी ओरडायची. बायनाबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

मोहनरावांना मात्र बायकोच्या गप्प राहण्याचाच धसका बसला. ती काही बोलेल, एकदा तरी बोलेल, याची ते वाट बघत. शेवटी एका संध्याकाळी त्यांनीच तोंड उघडलं. "बोल गं काहीतरी. तू सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई. घाल शिव्या."

बायनाबाई धान्य निवडत होत्या. खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "काय बोलू? तुमी नात वाचवायला गेलतात."

मोहनराव रडले. त्या निवडत राहिल्या.

आता रामचं सगळं ते करतात. विजयसिंहानं माणूस ठेवतो म्हटलं तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला दर थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागतं. वळवताना मान हलू नये म्हणून एक हात मानेखाली, एक कमरेखाली घालायचा. मोहनरावांना ते सुरुवातीला जमत नव्हतं, आता जमतं. दुपारी घर झोपतं तेव्हा बाप-लेक दोघंच जागे असतात. राम कधी पुण्याच्या गोष्टी सांगतो, कधी नुसता छताकडं बघत राहतो. रागानं बोलायचे दिवस येतात, तेव्हा तो म्हणतो, "मला मरू द्यायचं होतं तिथंच." मोहनराव त्याच्या अंगाखालची चादर सारखी करतात, सुरकुती राहिली तर त्याची जखम होते म्हणून.

"आबा," तो काल म्हणाला, "डावी कूस लई झाली. वळवा."

मोहनरावांनी हात घातले, हळूच वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली.

"बरं वाटलं का?"

"मला काय कळतंय," राम म्हणाला. "तुमीच बघा."

मोहनरावांनी सदरा वर करून त्याच्या पाठीवरची लाल झालेली जागा पाहिली आणि तिला खोबरेल लावायला घेतलं.