तुझ्या मैत्रिणीनं सगळं सांगितलंय

अकरावीच्या वर्षी आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका मॅडमची सोन्याची चेन गेली. कोळीनृत्यासाठी आम्हा मुलींना साड्या नेसवताना चेन सारखी पदरात अडकत होती, म्हणून त्यांनी ती काढून आरशासमोर ठेवली. नाच संपवून परत आलो, तर चेन नाही. तयारीच्या खोलीतून सगळ्यांत शेवटी बाहेर पडलेल्या आम्ही दोघी, मी आणि माझी मैत्रीण. ती उरणकडच्या मासेमारी करणाऱ्या घरातली, पनवेलला मामाकडे राहून शिकायची.

दोन दिवसांनी पनवेलजवळ करंजाड्याला आमच्या घरी पोलीस स्टेशनमधून फोन आला. "मुलीला घेऊन या जरा. दोन प्रश्न विचारायचेत."

बाबा लगेच शर्ट चढवायला लागले. "नाही गेलो तर त्यांना वाटेल, हिनंच घेतली."

"थांबा," आई म्हणाली आणि खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना वर घेऊन आली. त्या पनवेलच्या कोर्टात काम करायच्या.

"वहिनी, हिला पाठवू नका," त्या म्हणाल्या. "चौकशीला साक्षीदार म्हणून बाईला पोलीस स्टेशनला बोलावता येत नाही, मग ती सोळाची असो की साठची. त्यांनी घरी यायचं. तुम्ही हिच्या शेजारी बसायचं. आणि जबाब लिहून घेतला, तरी त्यावर हिची सही घेता येत नाही."

बाबांना ते पटलं नव्हतं. तरी त्यांनी फोन करून चाचरत सांगितलं. पलीकडच्यानं आधी कुणाला तरी विचारलं. मग, "ठीक आहे, येतो आम्हीच."

संध्याकाळी सलवार-कमीज घातलेली एक बाई आली. आईनं आधी ओळखपत्र मागितलं. तिनं हसत दाखवलं. वर्दी का नाही, हेच मला खटकत होतं. अठरा वर्षांखालच्या मुलांशी बोलताना पोलिसांनी साध्या कपड्यांत यावं असा नियम आहे, हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटलं, हा काहीतरी डाव आहे. तिनं चहा घेतला, अभ्यासाची चौकशी केली. मध्येच तिची नजर आमच्या शोकेसवर जायची, मध्येच माझ्या गळ्याकडे. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग कप खाली ठेवून ती म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीनं सगळं सांगितलंय. आता तूही सांगून टाक."

सगळं म्हणजे काय? चेन तिनं घेतली होती? की माझं नाव सांगितलं? आईनं माझा हात दाबला. "तू जे पाहिलंस तेवढंच सांग."

मी सांगितलं. चेन आरशासमोर पाहिली, आम्हाला स्टेजवर बोलावलं, आम्ही गेलो. तिनं लिहून घेतलं आणि पेन माझ्यापुढे केलं.

"ती सही करणार नाही," आई म्हणाली.

"कोणी शिकवलं हो तुम्हाला?" बाई हसूनच म्हणाली. आईनं पेन तिच्याकडे परत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मैत्रीण माझ्याकडे न बघता मागच्या बाकावर जाऊन बसली. सुटल्यावर एसटी स्टँडजवळ मी तिला गाठलं. मी काही विचारायच्या आत तीच उसळली, "तू माजं नाव सांगितलंस ना? ते बोलले मला, तुझ्या मैत्रिणीनं सगळं सांगितलंय."

तेच वाक्य.

आमच्याकडे जो फोन आला, तोच तिच्या मामालाही आला होता. तो तिला घेऊन गेला. त्याला बाहेर थांबवलं आणि तिला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आत बाकड्यावर बसवून ठेवलं. शेवटी एका कागदावर सही घेतली.

"काय लिहिलं होतं त्यावर?"

"वाचायला नाय दिलं."

"पण तू गेलीसच कशाला?"

"आमाला बोलावलं, आमी गेलो. पोलिसाला नाय कसं सांगायचं? तुमच्या बिल्डिंगमधी वकील हाय."

मी घरी हे सांगताच आई वकीलबाईंना घेऊन मामाच्या घरी गेली. मीही गेले. मामा दारातच आडवा उभा राहिला. "तुमाला कोनी पाठवलं? कॉलेजनं?" मला सोडवायला आई त्याच्या भाचीला अडकवतेय, असंच त्याला वाटत होतं. शेवटी मैत्रिणीनंच त्याचा हात धरून त्याला बाजूला केलं. मुलीला दिवसभर बसवून न वाचलेल्या कागदावर सही घेतल्याचा तक्रारअर्ज वकीलबाईंनी लिहिला. मामानं तो तीनदा वाचून घेतला आणि मग स्वतः पोलीस स्टेशनला जाऊन मोठ्या साहेबांकडे दिला.

पुन्हा फोन आला तेव्हा मामा म्हणाला, "विचारायचं तर घरी या." तीच बाई आली. मैत्रिणीच्या एका बाजूला मामी बसली, दुसऱ्या बाजूला माझी आई. त्या दिवशी कुणी सही मागितली नाही. नंतर दोघींनाही बोलावणं आलं नाही. चेन मात्र सापडली नाही, निदान आमच्या कानावर तरी आलं नाही.

बारावीपर्यंत आम्ही पुन्हा एकाच बाकावर बसलो, डबा वाटून खाल्ला. पण ती चेन गेली कुठे, हा विषय दोघींपैकी एकीनंही कधी काढला नाही.