रंगाच्या बादल्यांतली रताळी

सारजाबाईचा आवाज दोन-चार रानं ओलांडून जाईल असा होता आणि तो तसाच्या तसा घेऊन ती बीडला राहायला आली. गच्चीवर उभी राहून ती खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीला, वनमालाबाईंना, "अवो, दूध करपल्याचा वास येतोय," असं सांगायची, तेव्हा गल्लीतल्या साऱ्या बायका आपापल्या गॅसकडं पळायच्या. सून शिवकन्या लाजेनं चूर व्हायची. "आत्या, हळू बोला की जरा," ती म्हणायची. "हळूच तर बोलले," सारजाबाई म्हणायची आणि तिच्या मानानं ते खरंच हळू होतं. मेंढरामागं जन्म काढलेल्या बाईनं याहून आवाज खाली आणायचा तरी कसा!

ती धनगराची, पालीची. बिंदुसरेच्या धरणापासून थोडं वर माळावर तिचं सासरचं घर. पण घर आपलं पावसाळ्यापुरतं, आणि तेव्हाही सारा दिवस माळावर मेंढरामागं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, मेंढरं पुढं घालायची आणि तेलगावच्या अंगानं गंगथडीला, गोदावरीकाठी, उतरायचं. परत यायचं ते मिरग जवळ आल्यावर. वाटेत शेतकरी हाक मारून सांगायचे, आमच्या रानात मेंढरं बसवा. रात्रभर कळप रानात बसला की लेंडीचं खत पडायचं, शेतकरी त्याबद्दल पायलीनं धान्य घालायचा, आणि तांबडं फुटलं की पुढच्या रानाची वाट. अशी सारजाबाईनं किती रानं खतवली, देव जाणे. ऊस, कापूस, गहू, जोंधळा, सगळं लोकांचं. तिनं स्वतः होऊन एक मिरचीचं रोप कधी लावलं नव्हतं, कारण त्याला मिरची लागायला ती तिथं असायला तर पाहिजे!

नवरा सटवा वारला आणि वर्षाच्या आत तिचा गुडघाही आखडला. मुलगा सोमनाथ बीडमध्ये घरं रंगवायची कामं घेतो. त्यानं निम्मी मेंढरं चुलता हनुमानच्या कळपात घातली, निम्मी पाटोद्याच्या बाजारात विकली आणि आईला स्वतःजवळ आणलं. सूनही चांगली, जेवणखाण वेळेवर. फक्त करायला काही नाही. सकाळचा चहा झाला की दिवस समोर आ वासून बसलेला. सारजाबाई गच्चीवर जायची, उन्हाकडं बघायची आणि या वेळेला मेंढरं पाण्यावर असती, असं स्वतःशीच म्हणायची.

आषाढी एकादशीच्या उपासाला आणलेल्या रताळ्यांतलं एक ओट्याखालच्या टोपलीत मागं राहिलं. शिवकन्येला ते सापडलं तेव्हा त्याला चांगले जांभळट कोंब फुटले होते. ती ते कचऱ्याच्या डब्यात टाकणार, तोच सारजाबाईनं तिचा हात धरला.

"टाकतीस कावून? जित्तं हाय की ते."

"आत्या, आता त्याचं काय करायचंय?"

सारजाबाईनं रताळं हातात घेतलं, कोंबांवरून बोट फिरवलं. मग जे इतकी वर्षं कुणापाशी बोलली नव्हती ते बोलून गेली. "जलमभर दुसऱ्याची रानं पिकवली गं पोरी. कुणी शेंगा दिल्या, कुणी कणसं दिली, न्हाई म्हणत न्हाई मी. पण माझ्या हातानं लावलेलं मी एकदाबी उकरून खाल्लं न्हाई. मरायच्या आधी एकदा खायचंय."

शिवकन्येनं रताळं धुऊन, कोंब वर येतील असं, ओल्या मातीत अर्धं पुरून ठेवलं. सोमनाथनं कामावरच्या रंगाच्या मोकळ्या बादल्या आणल्या, घासून स्वच्छ केल्या आणि तापवलेल्या सळईनं तळाला भोकं पाडली. श्रावण लागता लागता कोंब वीतभर झाले. सारजाबाईनं ते हलक्या हातानं खुडून एकेका बादलीत लावले.

आणि मग तिनं पालीहून लेंडीखत मागवलं. सोमनाथ गाडीवर मागं दोन पोती बांधून घेऊन आला. लेंडी ताजी होती, मऊ होती, वास घेऊन सारजाबाईचा जीव सुखावला. या बाबतीत तिला कुणी शहाणपण शिकवावं अशी वेळ तिच्या आयुष्यात आली नव्हती. लोक ज्यासाठी हातापाया पडायचे, अजून एक रात्र बसा म्हणून विनवायचे, ती वस्तू आता तिच्या दारात पोत्यानं पडली होती. लोकांना दिली तेव्हा हात आखडला नाही, मग स्वतःच्या पिकाला कशाला आखडावा? तिनं निम्मी माती आणि निम्मी लेंडी केली. वर आठवड्याला ओंजळ ओंजळ चालूच.

वेल असा काही माजला, की विचारू नका. बादल्यांतून उतरला, कठड्यावर चढला, कपडे वाळत घालायच्या तारेला लोंबकळला. पानं तळहाताएवढी, काळीभोर हिरवी. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या आणि सारजाबाई त्यांना पानं उलटसुलट करून दाखवायची. तिला मनापासून समाधान होतं. जन्मभर तिनं रान पाहिलं ते वरून. पाला किती, कोवळा किती, कळपाला पुरतोय का, एवढंच. पाला दाट म्हणजे झकास. मातीच्या खाली काय चाललंय ते बघायचं मेंढरांना कारण नसतं, म्हणून तिलाही कधी नव्हतं.

दिवाळीला हनुमान आला. हा धाकटा दीर तिनंच अंगाखांद्यावर वाढवलेला. कळप निघायच्या बेतात होता आणि तो वहिनीला न्यायलाच आला होता.

"चला वैनी," तो म्हणाला. "तुमी नसल्यावर पालावर कशाला चव न्हाई. गुडघ्याचं काय घेऊन बसलाव, घोडं हाय की बसायला. इथं भिताडाकडं बघून काय करताव?"

खोटं नव्हतं ते. सारजाबाईच्या डोळ्यांपुढं गंगथडीची वाट उभी राहिली आणि तिचे पाय आतून शिवशिवले. "येते की," ती म्हणाली, "पण आधी माझी रताळी तर बघ. काढते, उकडते, खाऊ सारी मिळून, मग निघू."

ती त्याला गच्चीवर घेऊन गेली. मागोमाग शिवकन्या परात घेऊन आली. सारजाबाईनं सगळ्यात दाट वेलाची बादली निवडली, हनुमाननं ती उपडी केली. माती पसरली. सारजाबाई खाली बसून चाचपू लागली. हाताला मुळं लागली, दोऱ्यासारखी, नुसती मुळं. तिनं ढेकूळ न् ढेकूळ फोडलं. हनुमाननंही हात घातला. एक करंगळीएवढी गाठसुद्धा नव्हती.

शिवकन्येच्या हातातली रिकामी परात उगाच मोठी दिसू लागली.

सारजाबाईला रडू येत होतं आणि दिरासमोर रडायची लाज वाटत होती. तिनं हात झटकले. "जाऊ दे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच खरोखर हळू बोलली. "आपल्या जातीला ते जमायचं न्हाई. आपण आपलं मेंढरामागं बरं. चल हनुमान, माझं गठुडं बांधते."

ती खाली गेली आणि लुगडी घड्या घालून बांधायला लागली. आता या बाईला कसं अडवायचं, हे शिवकन्येला कळेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासू कायम फिरतीवर. एका छपराखाली राहण्याचा प्रसंग आत्ता कुठं आला होता, आणि मनातलं बोलायची सवय दोघींनाही नव्हती. ती धावत खालच्या मजल्यावर गेली आणि वनमालाबाईंना हाताला धरून वर घेऊन आली.

वनमालाबाई तेलगावच्या, बागायतदाराच्या घरच्या लेक. त्यांनी गच्चीवर पसरलेली माती मुठीत घेतली, नाकाशी नेली, आणि ती मूठ तशीच घेऊन त्या खाली सारजाबाईपाशी आल्या आणि हसायलाच लागल्या.

"सारजाबाई, माती कुठाय ह्याच्यात? सगळी लेंडीच हाय!"

"कमी पडू नये म्हणून घातली," सारजाबाई तुटकपणे म्हणाली.

"कमी? अवो, वेल खाऊन खाऊन माजलाय. त्याला वरच एवढं मिळतंय, तो खाली कशापायी साठवील? रताळ्याला हलकं रान लागतं. आमच्याकडं रताळी ओढ्याकडंच्या वाळूसरात असायची, जिथं खताची पाटीबी कधी गेली न्हाई."

"पण तुमच्याकडची माणसं मेंढरं बसवायला जीव टाकायची! माझ्या डोळ्यानं पाहिलंय मी."

"बसवायचो की. पण बसवल्यावर ते रान उन्हाळाभर तापू द्यायचं. वळवाचं पाणी त्याच्यावर पडायचं, कुळवाच्या दोन पाळ्या व्हायच्या, मग कुठं पेरायचं. आणि तेबी ऊस न्हाई तर कापूस. ताज्या लेंडीत कोण लावतंय?"

सारजाबाई लुगड्याची घडी हातात धरून तशीच उभी राहिली. "ते मला कसं म्हायती असणार?" ती सावकाश म्हणाली. "सकाळी उठून आमी पुढच्या रानात. मागं त्या रानाचं काय झालं, ते बघायला आमी कवा थांबलोच न्हाई."

बोलता बोलता तिचं तिलाच ते लागलं. इतकी रानं खतवली आणि एकाचंही पीक उभं राहताना पाहिलं नाही, हे तिनं असं समोरासमोर कधी धरलं नव्हतं.

"बाकीच्या बादल्या हायत अजून," वनमालाबाई म्हणाल्या. "वरची लेंडी खरवडून काढा, वाळूमिश्रित माती भरा, आमच्या बंबाची राख घाला. पाणी बेतानं. आणि मग हात न लावता थांबा. शिवरात्रीला बघू."

"शिवरात्र! तवर कळप पार गंगथडीला पोचंल."

तेव्हा शिवकन्या बोलली. खाली बघत बोलली, पण बोलली. "आत्या, थांबा की. रताळी येवोत न्हाई तर न येवोत. हे सकाळी जातेत ते दिवेलागणीला येतेत. दिवसभर घर खायला उठतं. तुमी गच्चीवरून हाका मारता तेव्हा घरात कुणीतरी हाय असं वाटतं मला."

सारजाबाईनं सुनेकडं पाहिलं. मग गाठोड्याची गाठ सोडली आणि हनुमानला म्हणाली, "तू हो पुढं." तो बिचारा चहा पिऊन गेला. त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ती कठड्याशी उभी होती. जीव तुटत होता तिचा, खोटं कशाला सांगा.

पुढचे महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात अवघड. ऊन, वारा, गारपीट, लांडगा, सगळं तिनं झेललं होतं, पण एका जागी बसून वाट बघणं ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. जरा वेल मलूल दिसला की ती पोत्याकडं वळायची. शेवटी शिवकन्येनं उरलेली लेंडी खाली वनमालाबाईंच्या गुलाबांना देऊन टाकली. "सासूवर पहारा ठेवतीस काय गं?" सारजाबाई करवादली. "ठेवते," शिवकन्या म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पौषात पानांचा काळा रंग उतरला, काही पिवळी पडली. वेल मरतोय अशी सारजाबाईची खात्रीच झाली. तिला अन्न गोड लागेना. ती बादलीशी बसून राहायची, बोट मातीत घालावं असं शंभरदा वाटायचं, आणि शिवकन्या नुसती खाकरली तरी हात मागं घ्यायची. वनमालाबाई वर येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "बरं चाललंय." एवढ्यावर सारजाबाईनं दिवस ढकलले.

मग एका सकाळी तिला दोन बादल्यांतली माती मधोमध तडकलेली दिसली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. बोललो तर नजर लागेल अशी तिला धास्ती.

महाशिवरात्रीला सगळ्यांचाच उपास. सोमनाथनं आईसाठी काम बंद ठेवलं. पहिली बादली त्यानं उपडी केली, तर तीत पुन्हा नुसती मुळं. सारजाबाईचं तोंड उतरलं. दुसरी सोमनाथला उलटेचना, घट्ट बसलेली. मायलेकांनी मिळून थोपटली, तेव्हा मातीचा गोळा धपकन पडला आणि फुटला. आत लाल रताळी एकमेकांना बिलगून बसली होती. एक चांगलं मनगटाएवढं जाड, एक कुबडं, एकाला कीड लागलेली. पुढच्या बादल्यांतूनही कुठं दोन, कुठं चार निघाली. फार नव्हती. पण सारजाबाई एकेक हातात घेऊन पदरानं पुसायला लागली आणि तिच्या डोळ्यांचं पाणी खळेना. सोमनाथ घाबरला. "आये, अगं निघालीत की!" "निघाली म्हणूनच रडतीय, येड्या," ती म्हणाली.

शिवकन्येनं तिथंच गच्चीवर विटा मांडून पातेलं चढवलं. पहिलं रताळं महादेवापुढं गेलं, दुसरं वनमालाबाईंकडं. तिसरं सुनेनं सोलून सासूच्या हातात ठेवलं. सारजाबाईनं ते फुंकून फुंकून खाल्लं, सावकाश, साल चिकटलेल्या कडेपर्यंत.

तेवढ्यात हनुमानचा फोन आला. शिवकन्येनं तो सासूच्या कानाला लावला. हनुमान गंगथडीला होता, मागं मेंढरांचा गलका ऐकू येत होता.

"वैनी, वारं लई वाजतंय फोनात. भायेर हाव का?"

"रानात हाय."

मेंढपाळाला रान म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कारण मुक्काम दरवेळी कुणाच्या तरी मेहेरबानीवर असतो. त्यानं सवयीनं विचारलं, "कुणाच्या रानात?"

सारजाबाईच्या कोपरांना अजून माती होती. समोर उपड्या बादल्या होत्या, आणि पुन्हा लावायला शिवकन्येनं वेलाची कांडी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

"माझ्या," ती म्हणाली. "माझ्या रानात हाय मी, हनुमान."